सुनेची परात

आमच्या गावच्या रावसाहेबांची मिशी मोठी आणि अक्कल बेताची. त्यांच्या नव्या सुनेला, कुमुदला, गहू सोसत नसे. कण जरी पोटात गेला तरी पोर विव्हळत पडायची. म्हणून स्वयंपाकीण भागूबाईनं तिच्या राजगिऱ्याच्या भाकरीसाठी परात नि तवा वेगळा ठेवला.

रावसाहेब गरजले, "माझ्या घरात असले नखरे नकोत! एकाच परातीत मळा. पिठाच्या कणानं काय होतंय?"

झालं, सून पुन्हा आडवी पडली.

मग एकादशी आली. उपवासाचे पाहुणे पाटावर बसले. पोराबाळांच्या पोळ्यांची कणीक जिच्यात मळली, त्याच न धुतलेल्या परातीत भागूबाईनं रावसाहेबांची भगर काढून आणली.

"अगं सटवे, गहू लागलाय! उपवास मोडला असता माझा!"

"कणानं काय होतंय, मालक? आणि तुम्हाला देव माफ तरी करील. सुनेचं पोट कुठं करतंय?"

पंगत खो खो हसली. रावसाहेबांची मिशी पार उतरली.

तेव्हापासून सुनेची भांडी पुन्हा वेगळी झाली, आणि दर एकादशीला रावसाहेबच स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडायचे, "माझी भगर सुनेच्या भांड्यांत करा गं! तिथं गव्हाचा कण नसतो!"