केरूचा कोपरा

फार वर्षांपूर्वी, आपल्या नदीला बारमाही पाणी होतं तेव्हाची ही गोष्ट. चिंचणेवाडीत केरू नावाचा माणूस राहायचा. लहानपणीच देवीच्या रोगात त्याचे डोळे गेले होते. जत्रेत हुतूतूचा डाव असायचा, त्याचं मैदान केरू आखायचा. काखेत राखेची टोपली, पाय अनवाणी, आणि रेघ अशी सरळ की डोळसांनी मान खाली घालावी. दरवर्षी तो म्हणायचा, "मला येकदा खेळाय घ्या की रं." दरवर्षी गाव हसायचं. हसायला काय लागतं!

एका वर्षी नदीपलीकडच्या गावाशी डाव होता. जिंकेल त्या गावाने भैरोबाची पालखी आधी उचलायची, असा मान. ऐन वेळी एका गड्याचा पाय मुरगळला. तेव्हा म्होरक्या सावळा नाईक नाइलाजाने केरूकडे आला. "कोपऱ्यात हुबा ऱ्हा. हलू नगंस," म्हणाला.

हुतूतूत चढाईला आलेल्याने एका दमात 'हुतूतू' म्हणत राहायचं. दम सुटला की तो बाद. मग केरूला डोळे हवेत कशाला? तो आवाजाच्या दिशेने झेपावायचा आणि घोटा धरायचा. त्याने सहा गडी धरले असं म्हणतात. बारा धरले असंही म्हणतात. धरलेला पाय जमिनीत रुजून बसायचा असंही म्हणतात.

पलीकडचे लोक खिजवू लागले, "आंधळ्यानं मिळवल्याली पालखी उचला रं!" सावळ्याचं तोंड उतरलं.

शेवटचा गडी आला. केरूने त्याचाही घोटा धरला. गड्याचा दम सुटला. आता डाव संपला, म्हणून केरूने सरळ मनाने हात सोडला, आणि तो गडी पळत रेघेपार गेला. हलगीच्या आवाजात पंचांना काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी जवळ उभ्या सावळ्याला विचारलं, "दम सुटला व्हता का?"

सावळ्याने ऐकलं होतं. मैदानाच्या कडेच्या लोकांनी गड्याचे मिटलेले ओठ पाहिले होते. पण आंधळ्याच्या हातून आलेला मान कुणालाच नको होता.

"न्हाई," सावळा म्हणाला. गाव गप्प राहिलं. डाव आणि पालखीचा मान पलीकडे गेला.

"मग माझं कानबी गेलं म्हनायचं," केरू म्हणाला. राखेची टोपली उचलून तो चालू लागला. दुसऱ्या सकाळी मैदानापासून नदीच्या पाण्यापर्यंत राखेची सरळ रेघ दिसली. केरू कुठेच नव्हता.

पुढच्या जत्रेत नवल घडलं. मधली रेघ ओलांडली की कुणाचाही दम सुटायचा. तीन वर्षं एक डाव पुरा झाला नाही असं म्हणतात. शेवटी सावळा त्या कोपऱ्यात उभा राहिला आणि रडत ओरडला, "दम सुटला व्हता! म्या ऐकलं व्हतं!" गड्यांचे दम परत आले. केरू आला नाही. एका शब्दाचं काम, त्याला गावाने तीन वर्षं लावली. मला अजून राग येतो.

आजही जत्रेत ती कोपऱ्याची जागा आधी आंधळ्या-पांगळ्यांना विचारतात. चढाई चालू असताना हलगी बंद ठेवतात. आणि डावाआधी सगळं गाव नदीकडे तोंड करून म्हणतं, "दम सुटला व्हता." मग जरा वेळ कान देऊन थांबतात. पलीकडून कुणी काही बोलत नाही. मग मैदानावर राखेची रेघ ओढतात. दोरी लावून ओढतात, तरी ती दरवर्षी वाकडीच येते.