सोनीच्या पायाचे डाग

“आई, हे डाग जात का नाहीत?”

त्र्यंबकानं विचारलं तेव्हा येसूआई मठाच्या अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली तांबडी मांजर होती, सोनी. तिचा एक पंजा तेवढा त्यानं बाहेर काढून धरला होता.

येसूआईंच्या मठाची एक रीत होती. मंत्र मागायला येईल त्याच्या हाती आधी त्या एखादं मुकं जनावर देत आणि सांगत, दिलं तसं परत आण, मग मंत्र. कुणाला वासरू मिळे, कुणाला करडू. त्र्यंबकाला मांजरीचं पिल्लू मिळालं. सोनीच्या पंजाखालच्या गाद्या तेव्हा डाळिंबाच्या दाण्यासारख्या गुलाबी होत्या.

त्र्यंबक शास्त्र्यांचा मुलगा, शब्दाला शब्द धरून चालणारा. त्यानं सोनीला चिखलात पाय ठेवू दिला नाही, चुलीपाशी फिरकू दिलं नाही. तरी वर्षं सरली तसे गाद्यांवर काळे ठिपके आले. आधी तिळाएवढा एक, मग इकडेतिकडे आणखी. बाकीचे शिष्य मंत्र घेऊन आपापल्या वाटेला लागले, आणि याचं घोडं मांजरीच्या पायाशी पेंड खात राहिलं.

गुरांच्या डॉक्टरांनी पंजे पाहिले होते. वय वाढलं की तांबड्या मांजरांना असे ठिपके येतात, सूज नाही, जखम नाही, काळजी नको, असं त्यांनी सांगितलं. पण हट्टाला पेटलेला माणूस कुणाचं ऐकतो? त्यानं रिठा लावला, लिंबू चोळलं, शेवटी नारळाच्या शेंडीनं घासलं. डाग हलले नाहीत. भोवतालची कातडी मात्र लाल झाली.

येसूआईंनी पंजाला हळूच बोट लावलं. सोनीनं पाय ओढून घेतला.

“तुझ्याजवळ येते का अजून?”

“नाही... मला पाहिलं की माळ्यावर पळते. आज दुधाची वाटी दाखवून धरली.”

“आणि डाग?”

“जातील. मी सोडणार नाही, आई. दिली तशीच परत करीन.”

येसूआईंनी पदराला हात पुसला आणि त्याच्यासमोर पालथा धरला. मनगटापासून बोटांपर्यंत तपकिरी डाग पसरले होते.

“तू आलास तेव्हा हे होते?”

याच हातांची भाकरी तो रोज खात होता. आज त्यानं ते पहिल्यांदा पाहिले.

“नव्हते...”

“मग घास.”

त्र्यंबकाचा हात उचलेना. त्याला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. त्यानं फडकं सोडलं. सोनी उडी मारून माळ्यावर गेली.

तो खोबरेल तेलाची वाटी घेऊन माळ्याखाली जाऊन बसला. हट्ट तोच होता, दिशा तेवढी बदलली. जेवायला हाक आली, तो उठला नाही. दुसऱ्या दिवशीही त्यानं तिथंच बैठक मारली, तिसऱ्याही. सोनी वरून बघे, खाली येत नसे. त्यानं तिला बोलावलंही नाही.

एका दुपारी ती उतरली. लांबून फिरली, जवळ आली, वाटी हुंगली आणि त्याच्या मांडीवर पाय ठेवून बसली. त्यानं श्वास रोखून गादीला तेल लावलं. तिनं लावू दिलं.

तो तसाच येसूआईंपुढं जाऊन उभा राहिला.

“डाग आहेत तसेच आहेत, आई. एक नवाही आलाय. दिली तशी मांजर माझ्याकडे नाही, आणि आता ती तशी करायचीही नाही. मंत्राचा हक्क माझा गेला. पण सोनीला माझ्याजवळ राहू द्या.”

येसूआईंनी त्याला जवळ बसवलं आणि त्याच्या कानात मंत्र सांगितला. त्र्यंबकाचे डोळे भरून आले. पाया पडून तो उठू लागला, तशी त्यांनी त्याचा हात धरला.

“हा मंत्र घेऊन जा. पण दिला तसाच परत आणलास, तर दारात उभं करणार नाही.”