इनासकाकांनी न पाहिलेला सिनेमा

वसईकडच्या एका गावात इनास तुस्कानो चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष होते. चर्चच्या सभागृहात तरुणांना कोणता सिनेमा दाखवायचा, यावर शेवटचा शब्द त्यांचाच. धर्मशिक्षण शिकवणाऱ्या फिलोमिनाबाईंनी यंदा एका चोराच्या आयुष्यावरचा सिनेमा निवडला आणि काकांनी तो न पाहताच नाकारला.

"ज्यात पाप दाखवलंय, ते कॅथलिक माणसानं पाहू नये," ते सभेत म्हणाले. "यापुढे इथे सिनेमाच नको."

फिलोमिनाबाईंना पुढचं दिसत होतं. आता पोरं आपापल्या मोबाइलवर एकेकटी काय वाटेल ते पाहत बसणार, आणि त्यावर त्यांच्याशी बोलणारं कुणी नसणार. पण बाईंनी आवाज चढवला नाही.

"बरं काका, दुसरी गोष्ट सांगते. एक राजा गच्चीवरून परक्याच्या बायकोला अंघोळ करताना पाहतो, तिला महालात आणवतो आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला धाडतो. ही चालेल?"

"शी! असलं लिहितं तरी कोण?"

"बायबलमध्ये आहे, काका. दावीद राजाची गोष्ट. येत्या रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला ती तुम्हालाच वाचायची आहे."

शेजारी बसलेल्या फादर बोनिफासांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. काका सावरून बसले.

"ते वेगळं. तिथे पाप गोड करून सांगितलेलं नाही. शेवटी राजाला पश्चात्ताप होतो."

"आमच्या चोरालाही होतो," फिलोमिनाबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त त्यासाठी सिनेमा शेवटपर्यंत पाहावा लागतो."

शनिवारी सभागृहात तो सिनेमा लागला आणि काका शेवटपर्यंत बसले.