कोंडसरीच्या खिंडीतली खाच

कोंडसरीच्या खिंडीत शिरलं की उजव्या कातळात कमरेच्या उंचीवर एक खोल खाच दिसते. बाहेरच्या फलकावर नुसतं 'शौर्यस्थळ' लिहिलं आहे. कुणाचं शौर्य, कसलं, हे सांगायची तसदी कुणी घेतलेली नाही. मग येणारी पोरं खाचेपाशी फोटो काढतात आणि तलवार भारी की भाला यावरून हमरीतुमरीवर येतात. गावचे वृद्ध विठोजी दळवी त्यांना दटावतात, "ह्याच वादानं इथं एकाचा जीव घेतलाय." आणि सांगू लागतात.

फार पूर्वी गावात दोन भाऊ होते म्हणे. थोरला रायाजी भालाईत, धाकटा सटवोजी दांडपट्टा फिरवणारा पट्टेकरी. लुटारूंची टोळी चालून येत होती. बायकापोरं पलीकडच्या गडावर पोचेस्तोवर खिंड धरायची होती. खिंडीत एका वेळी एकच माणूस लढू शके. पुढं कोण?

रायाजी म्हणाला, "सटवा, पट्ट्याला घेर लागतो. तिथं हात तरी फिरेल का? भाला नुसता समोर खुपसायचा."

"आणि टोक चुकवून एखादा आत शिरला, की तुझ्या हाती उरली काठी! गुरासारखा हाकलणार का त्याला, दादा?"

लोक हसले. पाटलांनी माळावर लिंबं मांडायला लावली. सटवोजीनं गिरक्या घेत सगळी चिरली; रायाजीला एक जेमतेम टोचता आलं. निकाल लागला. मोकळ्या माळावरची कसोटी अरुंद खिंडीला लावली, आणि लावणारे पाटील स्वतः गडावर निघून गेले!

टोळी भिडली. पहिल्याच वारात सटवोजीचा पट्टा कातळात रुतला. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हाताला जखडलेली असते; ती झटकन टाकता येत नाही. पातं तिरपं अडसरासारखं अडकलं. मागं रायाजी भाला घेऊन तळमळत होता. पुढं शत्रू, मध्ये भावाची पाठ.

"दादा, खांद्यावरनं मार! थांबू नको!"

रायाजीनं डावा हात भावाच्या खांद्यावर रोवला आणि वरून भाला चालवला. टोक चुकवून आत येऊ पाहणारा पट्ट्याला अडे आणि तिथंच भाल्याला सापडे. "डावीकडं! खाली!" सटवोजी ओरडत राहिला. मग गप्प झाला. रायाजी मारतच राहिला.

गडावर नगारा वाजला. माणसं पोचली होती. टोळी मागं हटली.

"सटवा, आता सोड हात."

हाताखालचा खांदा केव्हाच गार पडला होता, असं सांगतात. पट्ट्यानंच त्याला उभं धरलं होतं.

आजही दसऱ्याला गावात भाला नि पट्टा एकमेकांवर ठेवून एकाच बोटानं कुंकू लावतात. आजही खिंडीतून जाताना मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. परवा एका पोरानं विचारलंच, "आजोबा, पण भारी कुठलं?"

दळवींनी त्याचा हात धरून पुढच्या मित्राच्या खांद्यावर ठेवला. "आधी बघ, ऊब लागते का."