चौथ्या आग्रहाची वाट

कोकणात, समुद्रापासून जरा आत, एका गावात भिवा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे वेडा नव्हे. सांगितलेले काम तो कधी विसरत नसे. अडचण एवढीच, की तो ते सांगितल्याप्रमाणेच करी. बायकोने एकदा त्याला दुधाकडे बघत बसायला सांगितले होते. दूध उतू गेले, तेही त्याने शेवटपर्यंत पाहिले.

आता ती बायकोही नव्हती. तिला जाऊन चार वर्षे झाली होती. एकुलती एक मुलगी शर्वरी, ती न्यूयॉर्कला. सहा वर्षांत बापलेकीची भेट नव्हती. तिला मुलगी झाली, तेव्हा तिने कळवले, की बाळाला आपल्या आईचेच नाव ठेवायचे आणि ते बाबांनी येऊन बाळाच्या कानात सांगायचे. बारसे रविवारी. जावई कामासाठी सारखा विमानाने फिरायचा, म्हणून विमानकंपनीने त्याला पहिल्या वर्गाचे एक तिकीट बक्षीस दिले होते. ते त्याने सासऱ्यांसाठी पाठवले.

भिवा कधी विमानात बसला नव्हता. तेव्हा मुंबईच्या विमानतळापर्यंत सोबत करायला त्याचे मेहुणे तात्या निघाले. तात्या निवृत्त पोस्टमास्तर. ते एकदा विमानाने दिल्लीला जाऊन आले होते. त्याला अठरा वर्षे झाली होती, पण गावात विमानाबद्दल काही विचारायचे झाले तर लोक अजून त्यांच्याकडेच येत. ते सांगत ते बरोबर की चूक, हे पडताळायला दुसरे कोणी नव्हते.

दारावर पहारेकऱ्याने तिकीट नसलेल्या तात्यांना अडवले. तात्यांनी दारातच उपदेश उरकला.

"भिवा, आत गेलास की आपलं सामान कोणाच्या हातात द्यायचं नाही. अडलं तर मला फोन कर. मी इथे खांबापाशी आहे."

भिवा आत गेला. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला रांगेत उभे राहावे लागत नाही. त्याला न्यायला माणूस येतो. भिवाला न्यायला केतकी नावाची एक हसतमुख मुलगी आली. तिने नमस्कार केला आणि बॅगेला हात घातला. भिवाने बॅग पोटाशी धरली. ती म्हणाली, काका, मी घेते. भिवा म्हणाला, देणार नाही. तिने काउंटरवर नेऊन समजावले, की बॅग विमानाच्या पोटात जाईल, तिचे फक्त वजन करायचे आहे. वजनाला भिवाची हरकत नव्हती. तो बॅग कवटाळून स्वतःच काट्यावर उभा राहिला. दोघांचे मिळून त्र्याण्णव किलो भरले.

मागे लोक खोळंबले. तेव्हा भिवाने तात्यांना फोन लावला.

तात्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, चोराच्या हातात द्यायचं नाही असं म्हणालो मी. गणवेशातल्या माणसाने मागितलं तर निमूट देऊन टाकायचं."

"परत मागायचं?"

"मागे वळून बघायचंसुद्धा नाही."

भिवाने बॅग दिली आणि तात्यांचे म्हणणे मनात पक्के केले. पुढे तपासणी होती. तिथे गणवेशातला जवान उभा होता. त्याने घड्याळ मागितले, भिवाने दिले. फोन, पाकीट, कंबरेचा पट्टा मागितला, तेही दिले. सगळे एका तबकात ठेवले गेले आणि तबक यंत्रात शिरले. भिवा चौकटीतून पलीकडे गेला आणि चालू लागला. मागे वळून त्याने बघितले नाही. एका हाताने पँट धरलेली होती, एवढेच.

केतकीने विचारले, "काका, तुमच्या वस्तू कुठायत?"

"दिल्या त्यांना."

"त्या परत घ्यायच्या असतात."

"तशी सवय नाही आम्हाला," भिवा म्हणाला.

ती बिचारी पळत गेली आणि तबक घेऊन आली. फोन हातात आल्याबरोबर भिवाने तात्यांना लावला. तात्या आता खांबाला टेकून बसले होते.

"भिवा, तबकातलं आपलं असतं रे," ते म्हणाले. "तबक पुढे आलं की त्यातलं सगळं उचलायचं. काही मागे ठेवायचं नाही."

मग केतकीने त्याला पहिल्या वर्गाच्या विश्रामकक्षात नेऊन बसवले. तिथे गुडघे बुडतील असे कोच होते. गर्दी नव्हती, गोंगाट नव्हता, आणि कुठले विमान सुटते आहे हे ओरडून सांगणारा आवाजही नव्हता. मोठ्या लोकांना ओरडून सांगितलेले आवडत नाही. त्यांना जवळ येऊन, वाकून, हळू सांगतात.

जरा वेळाने पांढऱ्या कोटातला वाढपी तबक घेऊन आला. तबकात नऊ जणांसाठी नऊ गरम रुमाल गुंडाळून ठेवले होते. एका गृहस्थांनी तोंड पुसण्याआधी आपला चष्माही क्षणभर त्यात ठेवला होता. तबक भिवापुढे आले. भिवाने नऊही रुमाल उचलले, चष्मा उचलला आणि खिशांत भरले. सदऱ्यातून वाफा निघू लागल्या. वाढप्याने काही म्हटले नाही. पहिल्या वर्गात कोणाला नाही म्हणायचे नसते, असे त्याला शिकवलेले होते. पण चष्म्याचे धनी डोळे बारीक करून खोलीभर चाचपडू लागले, तेव्हा केतकीला मध्ये पडावे लागले.

भिवाने तिसऱ्यांदा फोन लावला.

तात्या या खेपेला चांगलेच रागावले. गावाची अब्रू घालवलीस, म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी त्याला रीत सांगितली. "चांगल्या घरचा माणूस विचारल्याबरोबर हात पुढे करत नाही. पुढ्यात काही आलं की नको म्हणावं. पुन्हा विचारतील, पुन्हा नको म्हणावं. तिसऱ्यांदाही नको. चौथ्यांदा आग्रह झाला की मग मान डोलवावी. लग्नात आपण काय करतो?"

भिवाला हे एकदम पटले. लग्नात तो जिलबी अशीच खात असे.

वाढपी आला. जेवायला काय आणू, म्हणाला. भिवाच्या पोटात सकाळपासून दोन घावनांपलीकडे काही नव्हते. तो म्हणाला, नको. वाढपी वाकून निघून गेला. अर्ध्या तासाने येऊन त्याने सुपाचे विचारले. भिवा म्हणाला, नको. वाढपी पुन्हा वाकला आणि गेला. भिवा तिसऱ्या विचारण्याची वाट पाहत बसला, पण तेवढ्यात वाढप्याची पाळी संपली आणि तो घरी गेला.

मग केतकी आली. ती जवळ येऊन, वाकून, हळू म्हणाली, "काका, विमान तयार आहे. खाली गाडी उभी आहे. निघू या?"

भिवाचा जीव त्या विमानात होता. सहा वर्षांत न पाहिलेली मुलगी होती, न पाहिलेली नात होती. तो उठणारच होता. पण रीत आठवली.

"नको," तो म्हणाला.

केतकीला वाटले, काकांना अजून बसायचे असेल. ती गेली. भिवाला मात्र एक शंका आली, की जेवणाचे दोन आणि विमानाचा एक मिळून तीन नको होतात का? पण वेगवेगळ्या वस्तूंची बेरीज करू नये, असे त्याला शाळेत शिकवले होते. त्याने नव्याने मोजायला घेतले.

दहा मिनिटांनी ती परत आली. सगळे बसले आहेत, फक्त तुम्ही राहिलात, म्हणाली. भिवा म्हणाला, नको, आणि तुम्ही व्हा पुढे, असेही म्हणाला. लग्नात असेच म्हणतात.

तिसऱ्या वेळी ती धावत आली. तिचा चेहरा उतरला होता. "काका, दार लावतायत. तुमची बॅग उतरवावी लागेल. शेवटचं विचारते, तुम्हाला जायचंय ना?"

भिवा मनात म्हणाला, पोरगी गुणी आहे, आग्रह चांगला करते. आता एकच. तो हसून म्हणाला, "नको, नको."

त्या विमानकंपनीचा नियम होता, की प्रवाशाला तीनदा विचारायचे. तात्यांचा नियम होता, की तीनदा नाकारायचे. दोघांनीही आपापला नियम पाळला.

बाहेर आकाशात एक विमान चढले. तात्यांनी खांबापाशी उभे राहून त्याला रुमाल हलवला. डोळेही पुसले. रुमाल खिशात जातो न जातो तोच फोन वाजला.

"तात्या," भिवा म्हणाला, "ही चांगल्या घरची माणसं नाहीत. चौथ्यांदा विचारलंच नाही."

तात्यांनी वर पाहिले. विमान दिसेनासे झाले होते. मग ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "अरे, आग्रह आपल्या माणसांत असतो. परक्याला एका शब्दात हो म्हणावं. ही रीत आपल्या माणसांपुरती."

"हे आधी सांगायचंत," भिवा म्हणाला. त्याने तेही पक्के केले.

केतकीने त्याला बॅगेसह बाहेर आणून तात्यांच्या हवाली केले. बॅग तिनेच ओढत आणली होती. तेवढ्यात शर्वरीचा फोन आला. तिकडे सकाळ होती. विमानकंपनीने तिला कळवले होते, की प्रवाशाने तीन वेळा स्वेच्छेने नकार दिला. तिचा आवाज ओला होता. मागे बाळ रडत होते.

"बाबा, भीती वाटली का तुम्हाला? असू दे. उद्याच्या विमानात एक जागा आहे. रविवारी सकाळी पोचाल. दहा मिनिटं ती माझ्यासाठी धरून ठेवलीय. घेऊ का?"

हो हा शब्द अगदी ओठांवर होता. पण ही परकी नव्हती. हिच्याइतके आपले माणूस त्याला जगात दुसरे नव्हते.

"नको," तो म्हणाला.

शर्वरी सहा वर्षे अशा देशात राहिली होती, जिथे एकदाच विचारतात आणि मिळेल त्या उत्तराचा मान ठेवतात. "बरं बाबा," ती हळूच म्हणाली. "मी तुमच्यावर जबरदस्ती नाही करणार." आणि तिने फोन ठेवला.

तात्यांनी विचारले, काय म्हणाली?

भिवाने फोन तळहातावर ठेवला, त्याच्याकडे पाहिले आणि समाधानाने बॅगेवर बसला.

"पहिला झाला," तो म्हणाला. "अजून तीनदा विचारील."