सव्विसावं काम

"पण याचा पुरावा काय, आक्का?"

डिग्रजकर साहेबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. त्यांच्या हातात टॅब होता. टॅबवर दोन चौकटी होत्या, एक 'आधी'ची आणि एक 'नंतर'ची. दोन्ही चौकटींत तीच न्हाणी, तीच जाळी आणि तीच पांढरी फरशी.

आक्कानं तांब्या बादलीत सोडला.

"पुरावा कसला? पानी वतलं की."

"ते मी पाहिलं. पण फोटोत फरक दिसत नाही."

"दिसायचा न्हाईच."

"मग मी कामाला पास कसं म्हणू?"

मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा होतो. कोंडवळच्या मठाच्या या भक्तनिवासात किल्ल्या माझ्याकडं असतात. त्यामुळं कुणाला काहीही बघायचं असलं की तीन मजले चढायचे मी. हौस दुसऱ्याची आणि गुडघे माझे.

द्वारकाक्का इथं एकतीस वर्षं आहे. झाडलोटीपासून गळक्या नळापर्यंत सगळी इमारत तीच सांभाळते. गेली सहा वर्षं ती खालच्या सभागृहात गावोगावच्या बायांना हे काम शिकवते. वर्ग मठाचा, मान्यता सरकारी मंडळाची. तिच्याकडं शिकलेल्या बाया आज दवाखान्यांत, लॉजवर, शाळांत कामाला लागल्यात. यंदा अकराजणी आहेत आणि वीस दिवसांवर त्यांची परीक्षा आलीय.

तेवढ्यात मंडळानं अभ्यासक्रम नवा केला. सोबत नियमही आला. जो शिकवतो, त्यानं आधी नवी परीक्षा द्यायची. पास झाला तर वर्ग चालू, नाहीतर वर्गाला कुलूप. मग अकराजणींनी पुढच्या वर्षापर्यंत घरी बसायचं.

मला तर ऐकूनच संताप आला होता. साठीच्या बाईला परीक्षा! आक्का मात्र म्हणाली, "द्यायची तर देऊ. त्यात काय मरन हाय?"

परीक्षा घ्यायला हे साहेब आले. वय पस्तीसच्या आतबाहेर. नवा अभ्यासक्रम दीड वर्ष खपून यांनीच लिहिलेला. नवी परीक्षा जिल्ह्यात सगळ्यांत आधी दिली तीही यांनीच. माणूस वाईट नाही हो. पण स्वतःच्या हातानं लिहिलेल्या कागदावर त्याचा फार जीव.

दोन दिवसांत पंचवीस कामं झाली. काच पुसून झाली, टाकी धुऊन झाली, फ्लशचा वॉशर बदलून झाला. संडासाला लाल फडकं आणि बेसिनला हिरवं, असा नवा नियम साहेबांनी सांगितला. आक्का म्हणाली, मी संडासाच्या फडक्याला गाठ मारते, लाईट गेली तरी हाताला कळतं. साहेब हसले, आणि ते त्यांनी वहीत लिहूनही घेतलं.

प्रत्येक कामाला दोन फोटो. आधी घाण, नंतर स्वच्छ. पंचवीसच्या पंचवीस ठिकाणी हिरवी खूण.

सव्विसावं काम उमेदवारानं स्वतः निवडायचं होतं. आपल्या मते सगळ्यांत महत्त्वाचं जे, ते करून दाखवायचं. ही कल्पनाही साहेबांचीच, आणि तिचा त्यांना भारी अभिमान.

आक्कानं त्यांना तिसऱ्या मजल्यावर आणलं.

हा मजला माघातल्या यात्रेनंतर बंद असतो. नळसुद्धा बंद. दुसऱ्या मजल्यावरून भरलेली बादली आक्का वर घेऊन आली, आणि पहिल्या खोलीचं कुलूप मी काढलं. ती दारातच थांबली आणि नाकानं जोरात श्वास ओढला. मग दिवा लावला. न्हाणीत जाऊन जाळीवर एक तांब्या पाणी ओतलं, बेसिनमध्ये अर्धा ओतलं आणि बाहेर आली. म्हणाली, "लावा कुलूप."

झालं काम.

जाळीखाली एक वाकडी नळी असते. तिच्यात पाणी साठून राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. खोली वापरात नसली की उन्हाळ्यात महिन्याभरात ते पाणी आटतं. मग फरशी कितीही घासा, खोलीत उभं राहवत नाही. आक्का दर पंधरा दिवसांनी सगळ्या बंद खोल्यांतून तांब्या घेऊन फिरते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि ते कुणी बघतही नाही.

"आक्का," साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "सव्वीसही पुरावे चढल्याशिवाय निकाल लागत नाही. असं करा, हे बेसिन घासा. मी आधी फोटो काढतो, मग नंतर काढतो. पाच मिनिटांचं काम."

"बेसिन सोच्छ हाय की."

"असू दे. थोडी माती टाकू."

"मी माती टाकायची आन् मीच पुसायची?"

"परीक्षेपुरतं हो!"

आक्कानं पदरानं तांब्याचं बूड पुसलं.

"साहेब, काल झोप लागली का तुम्हाला?"

"लागली की. छान लागली."

"कुठल्या खोलीत उतरलाय?"

"बत्तीस नंबर. खाली, दुसऱ्या मजल्यावर."

"वास-बीस काय आला?"

"नाही. कसला वास?"

आक्का माझ्याकडं वळली. "अण्णा, बत्तीस कवापास्नं बंद हुती?"

"माघापासून," मी म्हणालो. "परवा यांच्यासाठीच उघडली."

साहेबांनी आधी जाळीकडं बघितलं, मग टॅबकडं. त्या माणसाला खरंच कळलं होतं, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं.

"पण आक्का... हे मी कुठल्या चौकटीत घालू?"

"ते मला काय ठावं? चौकटी तुमच्या हायती."

साहेबांनी बाह्या वर केल्या आणि टॅब काखेत मारला.

"अजून किती खोल्या राहिल्यात?"

"नऊ."

"मी करतो. स्वतः करून बघतो. काहीतरी मार्ग सापडेल."

आक्कानं बादली पुढं सरकवली. किल्ल्या मी दिल्या. म्हटलं बरं झालं, गुडघ्यांना तेवढाच आराम. आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो.

अर्ध्या तासानं साहेब आले. घामानं शर्ट चिकटला होता, पण चेहरा खुलला होता.

"आक्का, जमलं! पुरावा सापडला."

"कसा?"

"चला, दाखवतो."

त्यांनी शेवटच्या खोलीचं दार उघडलं आणि फिनेलचा भपकारा आला. जिन्याच्या कपाटातली बाटली साहेबांनी हुडकून काढली होती. पाणी ओतल्यावर प्रत्येक न्हाणीत वरून टोपणभर फिनेल टाकलं होतं.

"आता दार उघडलं की कुणालाही कळेल, इथं काम झालंय. फोटोतही जाळीवर पांढरा फेस दिसतोय, बघा. नऊच्या नऊ खोल्यांचे फोटो काढलेत. हे मी अभ्यासक्रमातच घालतो. बंद खोल्यांची निगा, एक तांब्या पाणी आणि एक टोपण फिनेल."

आक्का दारात थांबली. सवयीनं श्वास ओढला... आणि दिवा न लावता तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"पोरा," ती म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं साहेब म्हटलं नाही. "या खोलीत तू पानी वतलंस का न्हाई, हे मला आता कसं कळंल?"

"वास येतोय ना."

"फिनेलचा येतोय. माझ्या बायांना मी पयला धडा हाच देते. दार उघडलं की आधी नाक, मग दिवा. त्या नाकातच तू फिनेल भरलंस. आता नळी भरलेली हाय का कोरडी, कुनी सांगावं?"

साहेबांनी हातातला टॅब खाली केला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मला वाटलं, चिडले. मोठा अधिकारी, गावातल्या बाईकडून एवढं कोण ऐकून घेतो?

पण ते अगदी हळू म्हणाले, "आक्का, शेवटच्या दोन खोल्यांत पाणी ओतलेलं नाही."

"का रं?"

"बादली संपली होती. पुन्हा खाली उतरून भरून आणायचा कंटाळा आला. म्हटलं, फिनेल तर टाकलंय... फोटो तर निघतोय."

आक्कानं मान हलवली. रागावली मुळीच नाही. आजवर किती बायांनी तिला हेच सांगितलं असेल, देव जाणे.

साहेबांनी बादली उचलली, खाली गेले, भरून आणली. दोन्ही खोल्यांत पाणी ओतलं. या खेपेला टॅब त्यांनी खिडकीत ठेवला होता.

मग टॅब घेऊन परत आले आणि आमच्या खालच्या पायरीवर बसले. बराच वेळ टॅबवर बोट फिरवत राहिले.

"नऊही फोटो पुसले," ते म्हणाले. "सव्विसावी चौकट रिकामी ठेवलीय. खोटं काही घालणार नाही. मंडळाला पत्र लिहितो, की या कामाला फोटोची अट लावू नका. माझीच चूक आहे, अट मीच घातली होती."

"बरं."

"पण आक्का... उत्तर यायला महिना लागेल. तोवर तुमचा निकाल राखून ठेवावा लागेल. आणि निकाल नाही तर..."

"तर मला शिकवता यायचं न्हाई," आक्का म्हणाली.

"नाही."

खालच्या सभागृहात बाया फडकी पिळत होत्या, त्यांचं हसणं जिन्यातून वर येत होतं. आक्काचे डोळे भरले. तिनं ते लपवले नाहीत, पुसलेही नाहीत. एकतीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मग मला राहवलं नाही. "अहो साहेब, घाला की तो बेसिनचा फोटो! कुणाच्या बापाला कळणार आहे? अकरा बायांचं वर्ष जाईल!"

"अण्णा, गप बसा," आक्का म्हणाली.

"अगं पण..."

"गप म्हन्ते ना! वीस दिसांनी त्या बाया लोकांच्या दवाखान्यात काम करणार. त्यांच्या बाईनं माती टाकून पुसली, असं त्यांना कळाया पायजे व्हय?"

मी गप्प बसलो. काय करतो?

साहेब खाली मान घालून म्हणाले, "मला माफ करा, आक्का."

"माफीचं ऱ्हाऊ दे. एक सांग. शिकवायची परवानगी कुनाला हाय?"

"नवी परीक्षा जो पास झालाय त्याला."

"जिल्ह्यात किती झालेत?"

"एकच."

"कोन?"

साहेबांनी बादलीकडं बघितलं.

"कोन, ते सांग की."

"मी."

आक्कानं पदरानं डोळे पुसले आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. तांब्या बादलीत ठेवला आणि बादली साहेबांच्या हातात दिली.

"मग उद्या सकाळी सातला ये. वर्ग तू घे."

"मी?" साहेब उभेच राहिले. "आक्का, मी काय शिकवणार त्यांना? मला तर आत्ता नऊ खोल्यासुद्धा..."

"तुझ्याकडं कागद हाय. बाया तुझ्या म्होरं बसतील, हजेरी तू घेशील, सही तू करशील."

"आणि तुम्ही?"

"मी मागं बसते. चुकलास की खोकते."