आधीची साडी

जरीत खरी चांदी असायची, तेव्हाची गोष्ट. कालिंदी शिंपिणीने एका विरलेल्या साडीचा काठ उसवला आणि नव्या निळ्या साडीला लावला. त्या दिवसापासून निळीचं डोकं उठलं.

घडी घातली की काठ म्हणे, "माझी आधीची साडी काय चापूनचोपून बसायची." धुतली की म्हणे, "तिचा रंग कधी गेला नाही हो."

"एवढी चांगली होती, तर माझ्याकडे कशाला आलात?" निळी करवादायची. एकदा तर ती मुद्दाम आटली. काठाला चुण्या पडल्या.

काठ म्हणाला, "ती कधी अशी वागली नाही."

वर्षं गेली, निळीही विरली. कालिंदीने काठ पुन्हा उसवून पिवळ्या साडीला जोडला. निळीच्या उरलेल्या तुकड्याची तिने सुया ठेवायची पिशवी शिवली आणि खुंटीला अडकवली. सुटले एकदाची, असं निळीला झालं.

तेवढ्यात काठ पिवळीला सांगू लागला, "माझी आधीची साडी, काय तिचा निळा रंग. आणि बोलायची किती गोड."

"अहो," खुंटीवरून निळी म्हणाली, "मग हे मला सांगायला काय झालं होतं?"